शून्य सहीला उघडणाऱ्या दाराबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
महिला निवारागृह कार्यालय

विषय : बहिणीच्या खोलीचे दार सुरक्षित करणे व तिच्यावरील ठपका काढणे.
संदर्भ : आपले उत्तर, ‘प्रवेश वैध होता’.

महोदय,

मी गॅरेजात वेल्डिंग करतो. माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून आपल्या आश्रयाला आली. नवरा संगणक दुरुस्त करतो. मागच्या सोमवारी भर दुपारी तो मोबाइलवरचा पास दाखवून आत शिरला आणि हातोडीने तिचा जबडा फोडला, उजवा हात मोडला. भिंतीवरचे रक्त मी पुसले, कारण सफाई विभागाकडे तशी तक्रार आली नव्हती.

२. आपल्या तंत्रज्ञाने सांगितले ते असे. पासवर कार्यालयाची डिजिटल सही असते. दाराचा प्रोग्राम ज्या रनटाइमवर, म्हणजे खालच्या मूळ सॉफ्टवेअरवर, चालतो, तो ती तपासतो. त्या रनटाइममध्येच खोट आहे. सहीच्या जागी नुसती शून्ये भरली, की पडताळणीचे गणित दोन्हीकडे शून्य येते आणि दार उघडते. दुरुस्ती कधीच आली होती. ती बसवताना त्याच यंत्रणेवरची जेवणाची हजेरी बंद पडेल, म्हणून आपण ती थांबवलीत.

३. तरीही आपल्या अहवालात ‘पास वैध असल्याने महिलेनेच प्रवेश दिला असावा’ असे आहे. ते वाचून पोलिसांनी हात झटकले. तारांनी बांधलेल्या जबड्यातून ती एवढेच म्हणाली, “दादा, मी दार उघडलं नव्हतं.” आपण तिच्याऐवजी शून्यांवर विश्वास ठेवलात. माझे रक्त उकळते आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

४. इस्पितळातून तिला पुन्हा त्याच खोलीत आणले आहे. आतून कडी मागितली, तर कडी नियमात बसत नाही असे कळवले. हातोडी कोणत्या नियमात बसली, तेही कळवावे.

५. तो मोकळा फिरतो आहे. सख्ख्या भावाला मात्र पास मिळेना, म्हणून मीही शून्यांचा केला. दार लगेच उघडले. सध्या मी पहार घेऊन तिच्या उंबऱ्यावर बसलो आहे. तो आला, तर मी त्याचा पास बघत बसणार नाही, डोके फोडीन. तत्पूर्वी दुरुस्ती बसवावी, कडीला परवानगी द्यावी व अहवालातली ती ओळ खोडावी.

आपला नम्र, परंतु दारातून न हलणारा,

०००० ००००
(ही सही आपल्या यंत्रणेत तपासून पाहावी. वैध निघेल.)

दिनांक : गुरुवार

सोबत : लोखंडी कडी, एक. मीच बनवली आहे. स्क्रूही दिले आहेत.