न दिसणारा व्रण

ती. आईस नमस्कार, बाबांनाही सांग.

मी बरी आहे. जेवण जातं, जिना न थांबता चढते. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप छान शिवली गेली, आता रक्त मागे गळत नाही. उजव्या बरगड्यांमधून, बोटभर चिरेतून सगळं केलं. छातीचं हाड कापावं लागलं नाही.

सोमवारपासून कामावर जातेय. लाँड्रीत ओल्या चादरींच्या गाड्या ढकलायच्या असतात. थोडे दिवस हलकं काम द्या म्हटलं, तर मुकादमबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या काकांचं हार्टचं ऑपरेशन झालं, तेव्हा गळ्यापासून पोटापर्यंत टाके होते. तुझे कुठे आहेत, दाखव." डॉक्टरांची चिठ्ठी तिने उघडलीसुद्धा नाही. छातीखालचा व्रण मी तिथे कसा दाखवणार? चिठ्ठी परत घेतली आणि गाडी ढकलली.

दादाही फोनवर म्हणाला, "एवढंसंच होतं तर." त्याला सांग, त्या दिवशी दोन तास माझं हृदय बंद होतं, रक्त मशीन फिरवत होतं. नको, राहू दे.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

आई, ऑपरेशनचं कळवलं तेव्हा तू आधी विचारलंस, "व्रण दिसेल का गं? तुझं लग्न व्हायचंय." मी वाचेन का, हे दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलंस. म्हणून मुद्दाम लिहिते, ब्लाऊज हव्या त्या गळ्याचे शिवून ठेव. तुझ्या मनासारखं झालंय. मला काही झालं होतं, हे कुणालाच दिसत नाही.

तुझी,
धाकटी