बाबांना ऐकवलेलं गाणं

अधारताल, जबलपूर

मनीषाताई,

जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्हचा माझा अँप्लिफायर पुरा झाला आणि बाबांना गाणं फार आवडलं, एवढंच तुला फोनवर सांगितलं. पुढचं सांगवलं नाही.

तीन वर्षं बाबा विचारत होते, "मला कधी ऐकवतो रे?" मी म्हणायचो, "अजून बारीक घरघर येऊन राहिली, बाबा. ती गेली की ऐकवतो."

रविवारी मी घरीच बनवलेला हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. ते डोळे मिटून मान डोलवू लागले. तेवढ्यात दिसलं, अँप्लिफायर मी चालूच केला नव्हता. घाईनं बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापले, गाणं सुरू झालं, मी आवाज वाढवला. बाबांची मान तशीच डोलत राहिली.

हेडफोन काढून म्हणाले, "एकदम साफ आहे. काहून इतका वेळ लावला?"

हाकेला ओ देत नाहीत म्हणून मी त्यांच्यावर कितीदा चिडलो, ताई. मी घरघर काढत बसलो आणि त्यांचे कान गेले.

हे पत्र टाकणार नाही. तू काळजीनं त्यांना विचारशील, आणि मला कळलंय हे त्यांना कळेल. आज सकाळी ते पुन्हा म्हणाले, "लाव ना गाणं." मी लावलं.

तुझा,
चंद्रशेखर