सुरयाचं पोट

केदारखेडा, मंगळवार, एप्रिल

दादाला सांगून बसले, की नदीतल्या वाळूवरची अंडी काळ्या पोटाच्या सुरयाची हायेत, हा पक्षी आता दुर्मीळ झालाय. तो म्हणला, "मंग वाळू दुसरीकून भरतो. पण उद्या मी सोता बघनार. साधा नदी सुरय निघाला, तर ट्रॅक्टर तिथंच घालनार."

पोट काळं दिसल्तं ना? दिसल्तं. पण उन्हात अंडी गार ठेवायला तो पोट भिजवून आल्ता. आत्ता संध्याकाळी परत पाह्यलं. वाळलेलं पोट पांढरट. चोच पिवळी, काळ्या पोटाच्याची असती तशी नारिंगी बिलकुल न्हाई.

साधाच हाये. मंग साध्याच्या अंड्यात पिल्लू नसतं का?

उद्या दादाला जल्दी उठवायचं न्हाई. ऊन तापलं, की पोट परत ओलं होईल.