बॉलकडे बघायचं नाही

रविवार, २६ ऑगस्ट २००७. ट्रॉय, मिशिगन.

केयाचा फोन. सुमेधाशी बेचाळीस मिनिटं. माझ्याशी एक मिनिट दहा सेकंद. मजकूर: हाय बाबा, गाडीचं ऑइल बदललं, बाय. (मोबाइलवर वेळ आपोआप दिसते म्हणून टिपली. मी मुद्दाम मोजत नाही.)

मुलगी इथून अडीच तासांवर कॉलेजला, दुसऱ्या वर्षात. विषय इकॉनॉमिक्स. शिवाय यंदापासून कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या फिल्म रूममध्ये काम. मॅचची टेप बघायची आणि प्रत्येक खेळी कोणत्या जातीची ते लिहायचं. पगार नाही, टी-शर्ट मिळतो. मंडळात मी सांगितलंय की ती 'डेटा'मध्ये आहे.

सुमेधा म्हणते, तू तिला कधी काही विचारतच नाहीस. साफ खोटं. प्रत्येक फोनला टायर प्रेशर विचारतो.

संकल्प: फुटबॉल शिकणार. सीझन संपायच्या आत केया माझ्याशी सलग पंधरा मिनिटं बोलली पाहिजे. बावीस वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये काढली आहेत. गाडीच्या सीटच्या ब्रॅकेटमधली केसाएवढी चीर मला दिसते. एक खेळ कळायला असा किती वेळ लागणार? दोन आठवडे धरू.

शनिवार, १ सप्टेंबर

केयाच्या टीमची पहिली मॅच टीव्हीवर पाहिली. साडेतीन तास. स्टॉपवॉच लावलं होतं. प्रत्यक्ष खेळ पंधरा मिनिटांचासुद्धा नाही. बाकी सगळं उभं राहणं आणि मीटिंग. अगदी आमच्या ऑफिससारखं.

बॉल एकाच्या हातात जातो, मग बावीस माणसं एकमेकांवर पडतात, मग शिट्टी. आपले हरले. का हरले ते कळलं नाही. टीव्ही जुना झालाय, त्यामुळे असेल.

बुधवार, ५ सप्टेंबर

लंचला ऑफिसातल्या डेलला गाठलं. डेल कॉलेजात असताना खेळलेला. आता पोट सुटलंय, पण माहिती पक्की. त्याने केचपची पाकिटं मांडून शिकवलं.

पहिला धडा: बॉलकडे बघायचं नाही. पुढे ओळीत जे पाच जाडजूड गडी असतात, त्यांच्याकडे बघायचं. पळणाऱ्याला वाट करून देणं हे त्यांचं काम. त्याच्या दोन पद्धती. झोनमध्ये पाचही जण एकदम एका बाजूला सरकतात आणि आपापल्या वाट्याला जो येईल त्याला थोपवतात. फट कुठे पडेल ते आधी कोणालाच माहीत नसतं. पळणाऱ्याने बघायचं आणि दिसेल तिथून घुसायचं. गॅपमध्ये फट आधीच ठरलेली असते. बाकीचे समोरच्यांना बाजूला रेटतात, पलीकडचा एक गडी (त्याला गार्ड म्हणतात) मागून धावत येऊन त्या फटीतला शेवटचा अडथळा उडवतो, आणि पळणारा डोळे मिटून तिथून जातो.

म्हणजे एकीकडे प्लॅनिंग आणि दुसरीकडे रामभरोसे. मी डेलला तिथेच सांगितलं की झोन ही पद्धत नव्हे, पद्धतीचा अभाव आहे. डेल म्हणाला, दोन्ही लागतात. तो सेल्सचा माणूस, असंच बोलणार.

रविवार, ९ सप्टेंबर

फोन आला. गाडीचं ऐकून झाल्यावर मी सहज विचारलं, कालच्या मॅचमध्ये पलीकडचा गार्ड मागून धावत येत होता ना? केयाने विचारलं, हे तुला कसं माहीत? आवाज चक्क वर गेला होता. ती सांगायला लागली, की तिसऱ्या क्वार्टरला त्या गार्डचा पाय कसा घसरला, आणि मग...

मग मी तिला गॅप ही श्रेष्ठ पद्धत का आहे ते समजावलं. मुद्देसूद. सहाव्या मुद्द्याला तिला अभ्यास आठवला.

चार मिनिटं पाच सेकंद. प्रगती साडेतीन पट. संकल्प योग्य मार्गावर आहे. सुमेधा म्हणाली, ती सांगत होती ते ऐकून तरी घ्यायचंस. ऐकलं की. गार्डचा पाय घसरला.

शनिवार, १५ सप्टेंबर. गणेश चतुर्थी.

दिवस वाईट गेला. दोष माझा नाही.

बारा वाजता मॅच, बारालाच आरती. मी आरती साडेअकराला घ्या म्हटलं. कोणी ऐकलं नाही. रवींद्र आणि त्याची बायको कांचन प्रसादाला आलेले. रवींद्र आमच्या मंडळाचा खजिनदार, त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. त्याला शिकवणं मला कर्तव्य वाटलं. टेबलावर नैवेद्याचे एकवीस उकडीचे मोदक ठेवले होते. मी फक्त मांडणी करून दाखवली. अकरा आपले, समोर बाकीचे. गॅपची खेळी लावली. पलीकडचा मोदक मागून आणला, फट उघडली, पळणारा मोदक थेट टेबलाच्या टोकापर्यंत. तीनदा केलं, तीनदा यश. हात धुतलेले होते.

रवींद्रने मोदक मोजले आणि म्हणाला, समोरच्या टीममध्ये दहाच आहेत. एक माणूस कमी असेल तर माझी आईसुद्धा पळेल.

मी उत्तर देणार तेवढ्यात सुमेधा आली. नैवेद्य दाखवायच्या आधी मोदक घेऊन खेळ, आणि पाचांच्या कळ्या मोडलेल्या. पुढचं लिहीत नाही. बाप्पाला पेढ्यांचा नैवेद्य झाला. मॅच हुकली. आपले हरले. झोन खेळले असणार.

रविवार, ३० सप्टेंबर

आता शिस्तीत. आधीच्या तीन मॅच रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. आठवडाभर रोज संध्याकाळी एक-एक रन (बॉल हातात घेऊन पळायची खेळी) बघून एक्सेल केलं. सुमेधाची मालिका रेकॉर्ड होत नाही म्हणून थोडी कुरबुर. डेटा महत्त्वाचा.

एकूण रन ८३. झोन ६१, सरासरी अडीच यार्डसुद्धा नाही. गॅप २२, सरासरी सात. याहून स्पष्ट काय हवं? आपला कोच अंधारात चाचपडतोय.

पद्धत इथे नोंदवून ठेवतो, कारण तिचा मला अभिमान आहे. सुरुवातीला कोणती खेळी कोणती ते ओळखू येईना. गडी इतके भराभर हलतात. पण तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की जी खेळी छान जमते ती ठरवूनच केलेली असणार, म्हणजे गॅप. जी फसते तिथे कोणालाच काही माहीत नव्हतं, म्हणजे झोन. त्यानंतर काम झपाट्याने झालं.

फोन: दोन मिनिटं. सरप्राइज ठेवायचं म्हणून काही बोललो नाही. टायर प्रेशर विचारलं.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

पाठवलं.

साधं पत्र लिहिलं असतं तर कोचने कचऱ्यात टाकलं असतं. म्हणून आमच्या गाडीधंद्यातला एट-डी फॉर्म भरला. एखाद्या सप्लायरचा माल सदोष निघाला की आम्ही त्याला हाच फॉर्म पाठवतो. दोष काय, मूळ कारण काय, उपाय काय, आठ पायऱ्या. दहा कामकाजी दिवसांत उत्तर बंधनकारक. भले भले प्लांट मॅनेजर याने सरळ होतात.

दोष: रन पुढे जात नाहीत. मूळ कारण: झोनचा अतिरेक. उपाय: तात्काळ गॅप. सोबत एक्सेल.

पहिली पायरी म्हणजे टीमची नावं. एकट्याच्या नावाने फॉर्म बरा दिसत नाही, आमच्याकडे असा फॉर्म परतच येतो. म्हणून 'चॅम्पियन: श्रीरंग' (म्हणजे प्रमुख, मीच) याच्याखाली 'टीम मेंबर: केया' असं लिहिलं. टाइप करून झाल्यावर थोडा वेळ नुसताच बघत बसलो. दोघांची नावं एका कागदावर कॉलेजच्या फॉर्मनंतर पहिल्यांदाच आली असतील. बरं वाटलं.

कोचचा ईमेल कॉलेजच्या वेबसाइटवर आहे. सुमेधाला सांगितलं नाही. उत्तर आलं की सांगू.

रविवार, १४ ऑक्टोबर

फोन नाही. मिडटर्म असतील.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

मिडटर्म नव्हत्या.

केयाने आज सुमेधाला फोन केला. रडत होती. कोचने तिला बोलावून विचारलं की टीमच्या खेळ्यांचा तक्ता बाहेर कसा गेला, आणि त्यावर तिचं नाव कसं. फिल्म रूममधलं काही बाहेर बोलायचं नाही असा तिथे कडक नियम आहे. चौकशी होईपर्यंत तिची किल्ली काढून घेतली. ती म्हणाली, या एका कामासाठी ती रोज सकाळी साडेपाचला उठत होती.

मी म्हटलं, फोन दे, मी समजावतो. सुमेधाने विचारलं, देऊ का बाबाला? पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. सुमेधाने फोन दिला नाही.

नियम इतका कडक असेल तर तो वेबसाइटवर लिहायला हवा होता. मला वाईट वाटतंय. पण तत्त्वतः तक्ता बरोबर आहे, हे दोन वेगळे मुद्दे आहेत.

बुधवार, १७ ऑक्टोबर

कोचला खुलाशाचा ईमेल लिहायला घेतला. एट-डीचा सुधारित मसुदा जोडावा असा विचार होता. सुमेधाने लॅपटॉपचं झाकण लावलं, माझी बोटं आत असताना. म्हणाली, तू आता काहीही पाठवायचं नाहीस. वाढदिवसाचं कार्डसुद्धा नाही.

डेलला विचारलं, असं झालं तर काय होतं? डेलने सँडविच खाली ठेवलं. म्हणाला, साधारणपणे काढून टाकतात.

दुपारी एका सप्लायरचा एट-डी आला. उघडला नाही.

रविवार, २१ ऑक्टोबर

फोन सुमेधाला. बारा मिनिटं, दार लावून. मी बाहेर पानं गोळा करत होतो. खिडकीखालची पानं दोनदा गोळा केली. काही ऐकू येत नाही. या देशात खिडक्या फार चांगल्या बसवतात.

मला खरोखर तिला मदत करायची होती. हे कोणालातरी सांगायला हवं म्हणून इथे लिहितो.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

दहा कामकाजी दिवस आज पूर्ण. कोचचं उत्तर नाही. आमचा सप्लायर असता तर काळ्या यादीत गेला असता.

रविवार, २८ ऑक्टोबर

केया सुटली. किल्ली परत मिळाली.

तिने स्वतःहून मला फोनवर बोलावलं. चांगल्या मूडमध्ये होती. सगळं इंग्रजीत, आणि मध्ये मध्ये हसत. कोचच्या लोकांनी माझा तक्ता त्यांच्या खऱ्या तक्त्याशी ताडून पाहिला. ८३ पैकी ३१ जुळले. मनातल्या मनात हिशोब केला. नाणं उडवलं असतं तरी दहा जास्त जुळले असते.

शिवाय, ही टीम गॅपच खेळते. ८३ पैकी ६०. वर्षानुवर्षं. सगळ्या मॅच गॅप खेळून हरले, आणि आता नाइलाजाने झोन वाढवणार आहेत, असं तिच्या बोलण्यावरून वाटलं. पण ते तिने अर्धवट सोडलं.

तक्ता बघून खोलीतले सगळे हसले, म्हणे. एकाने तो भिंतीवर लावलाय. मग कोच तिला म्हणाला, तू सुटलीस. मी विचारलं, असा एकदम विश्वास कसा बसला त्याचा? तर ती म्हणाली, "बाबा, कोच म्हणाला, हे बघून एवढं नक्की कळतं की तू आणि तुझे बाबा एकमेकांशी बोलत नाही."

ती हसली. मीही हसलो.

आता तिने एका कागदावर सही केली आहे. सीझन संपेपर्यंत घरी फुटबॉलबद्दल एक शब्द नाही. मी म्हटलं, रास्त आहे. दोन महिने खपून जे शिकलो त्याबद्दल आता बोलायची बंदी आहे.

मग मी टायर प्रेशर विचारणार होतो. तेवढ्यात ती मराठीत म्हणाली, "आणि तू कसा आहेस, बाबा?"

याची तयारी नव्हती. ठीक, म्हणालो, आणि फोन सुमेधाला दिला.