जिल्हा झाला, कडी निघेना

लातूर

चि. प्रेमला हिस ताईचे आशीर्वाद.

सुलूचे दिवस भरत आले आहेत, पण तब्येत चांगली आहे. लातूर जिल्हा झाल्याचे तू रेडिओवर ऐकलेच असशील. मी ते न्हाणीत अडकून ऐकले.

कडी आतून रुतली. घरातले सगळे पाणीही माझ्याबरोबर आत, पिंपात. जावई शेजारच्या संगप्पांकडे पक्कड मागायला गेले. दोघे आले ते भांडतच. संगप्पा उदगीरचे.

"जिल्हा उदगीरलाच पाहिजे हुता, मास्तर!"

"कचेरी कुठं बसवता, किल्ल्यात?"

मी दार ठोठावले.

"थांबा माय, मुद्द्याचं बोलायलोय!" संगप्पा ओरडले.

मग मी शांतपणे सांगितले, "टँकर परवा येणार आहे. मी पिंप उपडे करते."

लातूर आणि उदगीर यांची तत्काळ एकी झाली. दार बिजागऱ्यांसकट निघाले. आता तिथे सतरंजी टांगली आहे.

पिंपाला मी हातही लावला नव्हता. बाळाच्या पहिल्या अंघोळीचे पाणी ओतीन का मी?

बिलोलीत तुमच्या विहिरीला पाणी आहे ना? मला बरे वाटावे म्हणून लिहू नकोस, खरे लिही.

मोठ्यांना नमस्कार, मुलांना धाक.

तुझी ताई,
सौदामिनी