तुमच्या ताईनं बदललेला पासवर्ड

नागापूर, फेब्रुवारी १९९९

प्रिय प्रवीणराव,

उत्तमरावचा सप्रेम जयभीम. आम्ही इकडे खुशाल. तुमचं पित्त कसं आहे? (तुमची ताई म्हणते, चहा कमी करा. मी म्हणत नाही, कारण मीही करत नाही.)

सीमाची ई-मेल वाचायला दर वेळी नगरच्या सायबर कॅफेत जावं लागे, म्हणून कंपनीनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर मी घरी आणला आणि त्यात मेलचा प्रोग्राम बसवला. फोनची तार जोडली की मस्कतहून लेकीची पत्रं थेट घरात! तुमच्या भाचीनं गेल्या महिन्यात विचारलं, नर्सिंगचा करार संपतोय, इथंच राहून पुढचं शिकू का? मी तर शेवगावचं स्थळ बघून ठेवलेलं. 'नको, परत ये' असं टाईप करून पाठवायचं बटण दाबलं, तर प्रोग्राम म्हणतो, पासवर्ड चुकला.

आता मला सांगा, कालपर्यंत चालणारा पासवर्ड आज चुकतो कसा? माझा जन्म लेथवर गेला, बिघाडाचं कारण कळेपर्यंत मला घास गोड लागत नाही. दहादा टाईप केला. माऊस उघडून पुसला (आत गोळी असते, पाहिलीय कधी?). हा पासवर्ड राहतो तरी कुठं, आपल्या घरात की वेबसाईटवाल्यांकडं? शेवटी कॅफेवाल्या कृपामॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, वेबसाईटवर पासवर्ड बदलला की घरच्या प्रोग्रामलाही नवा सांगावा लागतो, नाहीतर तो जुनाच धरून बसतो. आणि तुमच्या मिसेसनीच तर इथं येऊन बदलून घेतला की!

तुमची ताई भाकरी थापत होती. 'व्हय,' म्हणाली, 'तुमचं पत्र जाऊ नये म्हनून बदलला.' काय ठेवलास विचारलं, तर सांगता येत न्हाई म्हणाली आणि चक्क लाजली. अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून ही बाई माझं नाव तोंडानं घेत नाही! (रेशन ऑफिसात साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं, तर बाहेरून मलाच बोलावून आणलं.) अखेर मला भिंतीकडं तोंड करायला लावून पिठाच्या बोटांनी तिनंच ते टाईप केलं. काय सांगू, उगाच छाती भरून आली.

लगेच सीमाचं पत्र उतरलं. 'बाबा, तुम्ही "राहा, खूप शिक" असं लिहिलंत आणि मी ढसाढसा रडले.' मी कुठं लिहिलं? बाईसाहेबांनी कॅफेतून माझ्या नावानं लिहिलेलं! मी भडकणारच होतो. पण पत्र परत वाचलं, आणि माझ्यामुळं पोरगी इतकी आनंदलेली मला आठवेना. शेवगावला नकार कळवून टाकला.

जयमालावहिनींना जयभीम.

आपला,
उत्तमराव

ता. क. पासवर्ड लागताच प्रोग्रामनं न विचारता आणखी एक काम केलं. माझं अडकलेलं 'परत ये' पाठवून दिलं.

ता. क. दुसरा. मी घाईघाईनं लिहिलं, 'राहा, खूप शिक. बाबा.' उत्तर आलं, 'आई, हे तूच लिहितेस ते आता कळलं. बाबांच्या मनातलंही कळलं. मी येते.' तुम्हाला फोन लावला होता, पण हे तोंडानं सांगवेना, ठेवून दिला. शेजारचा गोरक्षनाथ टेम्पो घेऊन आजच पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. सीमाकडं फोन नाही, तेव्हा तुमच्या ऑफिसातून तिला लगेच मेल करा, बाप खरंच राहा म्हणतोय म्हणून. मामा म्हणून तुमच्याच नावानं करा. माझ्या नावावर तिचा आता विश्वास नाही.