वितळलेल्या कुप्या

प्रयोगशाळेचा डीप फ्रीज तासाभरासाठी नव्हे, पूर्ण सुट्टीभर बंद होता, असे तो दुरुस्त करणाऱ्याने आज सकाळी फोनवर सांगितले. माझ्याबद्दल डॉक्टरांनी काल जे सांगितले तेही याच सुरातले होते. म्हणून मी, वनस्पतिशास्त्राची निवृत्त संशोधक, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. कपाटाचे दार आधी उचलून मग ओढायचे, हे तिला ठाऊक आहे.

सूक्ष्मदर्शक धाकट्या भावाला. तो म्हणायचा, "ताई, झाडांच्या खुणा वाचतेस, घरच्यांच्या तोंडावरच्या कधी वाचणार?" आता त्याने जवळून बघावे.

मी काय करत होते ते मुलीला एकदा सांगायचे राहिले. झाडाच्या डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळांवरच्या रासायनिक खुणांवरून कोणते जनुक चालू, कोणते गप्प, याचा माग लागतो. गव्हाच्या सगळ्या गुणसूत्रांवर अशी एकच खूण शोधून मी नकाशा करत होते. निम्मा झाला. ती खूण ओळखणारी प्रतिपिंडे एका सशाच्या रक्तातली. तो ससा कधीच मेला. दुसऱ्या सशाची प्रतिपिंडे शेजारच्या खुणेलाही चिकटतात, त्यामुळे दोन सशांचे दोन अर्धे जुळत नाहीत.

विभागप्रमुखांना काहीही नाही. पहिल्या सशाच्या उरलेल्या प्रतिपिंडांच्या कुप्या मी दोन फ्रीजमध्ये विभागून ठेवत असे. "बाई, दोन कशाला? वीज काय झाडाला लागते?" म्हणून त्यांनी एक बंद करवला; सगळ्या कुप्या उरलेल्या एकात आल्या, आणि सुट्टीत तोच बंद पडला. मला पोचवायला त्यांनी येऊ नये.

कुप्या व अर्धा नकाशा माझ्या जुन्या विद्यार्थिनीला. "मॅडम, घाबरू नका, दिसल्या तशा लगेच पुन्हा गोठवल्या!" असे ती काल धापा टाकत म्हणाली. वितळलेले पुन्हा गोठवले की उरलासुरला जीवही जातो. घाईत तिला सुचले नाही. तिला कोणी बोलू नये.

कुप्यांतली प्रतिपिंडे अजून खूण ओळखतात का, याची चाचणी ती करणार आहे. ती फसली तर नकाशाची उरलेली बाजू कोरी सोडावी. अंदाजाने रंगवू नये, माझे नाव राहावे म्हणून तर मुळीच नको.

चाचणी शुक्रवारी आहे. मला आशा नाही. डॉक्टर गुरुवारपर्यंतचे बोलतात.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: दिवसपाळीची नर्स, शेजारच्या खाटेवरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई
ठिकाण: रुग्णालय, खिडकीकडची खाट
वार: मंगळवार